ब्राउझरमध्ये उघडते, पीएचपीत का नाही?

(फंक्शनांची आणि सेटिंगांची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत, जोडशब्दांमध्ये अंडरस्कोअर देऊन लिहावीत.)

प्रश्न : पावसाळ्यात कोयनेचा पाणीसाठा आणि सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी एका सीएसव्ही फाइलमध्ये रोज मिळते. ती उतरवून घेणारी, पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतली छोटी स्क्रिप्ट आहे. फाइलचा पत्ता एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेला आणि ‘एचटीटीपीएस रॅपर सापडत नाही’ असा इशारा येऊ लागला. विंडोजवर पीएचपीची झिप नुसती सोडवून वापरतो. – एक वाचक, मिरज

उत्तर : झिप ‘नुसती सोडवून’ वापरता, तिथंच घोळ आहे. पीएचपीला एचटीटीपीएस (कूटबद्ध एचटीटीपी) बोलता येतं, म्हणजे त्याचा रॅपर मिळतो, तो ओपनएसएसएल हे कूटबद्धीकरणाचं एक्स्टेंशन (जोडभाग) चालू असेल तरच. झिपमध्ये ते बंद असतं, कारण तयार पीएचपी डॉट आयएनआय ही सेटिंगांची फाइलच नसते. कमांड प्रॉम्प्टवर ‘पीएचपी --आयएनआय’ चालवा. ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’समोर ‘नन’ दिसलं, तर त्याच फोल्डरमधल्या ‘आयएनआय-डेव्हलपमेंट’ने संपणाऱ्या फाइलची प्रत काढून तिला पीएचपी डॉट आयएनआय असं नाव द्या. मग तिच्यातल्या दोन ओळींपुढचा अर्धविराम काढा : ‘एक्स्टेंशन डिर’ची (विंडोजसाठी दिलेली, ‘ईएक्सटी’ असलेली) आणि ‘एक्स्टेंशन = ओपनएसएसएल’ची. बरेच जण दुसरीच ओळ उघडतात, मग डीएलएल सापडत नाही म्हणून नवीनच इशारा येतो. 7.2च्या आधीच्या आवृत्तीत ‘पीएचपी_ओपनएसएसएल डॉट डीएलएल’ असं पूर्ण नाव लागायचं; जुन्या लेखातून ओळ उचलताना हे पाहा. शेवटी ‘पीएचपी -एम’ चालवून यादीत ओपनएसएसएल आलं का ते बघा.

अपाचीतून चालवत असाल तर अपाची बंद करून पुन्हा सुरू करा. कमांड लाइन आणि अपाची वेगवेगळ्या आयएनआय वाचत असण्याचीही शक्यता असते. ‘अलाउ यूआरएल एफओपन’ (वेबपत्ता फाइलसारखा उघडू देणारं सेटिंग) मुळात चालूच असतं, पण होस्टिंगवाले ते बंद करतात. तसं असेल तर कर्ल (वेबवरून फाइल उतरवण्याचं वेगळं एक्स्टेंशन) वापरा.

एक आगाऊ सल्ला. फाइल आली म्हणजे आकडे बरोबर आले असं नाही. कोयनेची साठवण क्षमता 105.25 टीएमसी आहे. त्या रकान्यात 400 आलं तर धरण नव्हे, रकाना सरकलाय. आयर्विनची इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची 45 फूट. असल्या फाइलवरून गल्लीत निरोप जाणार असेल तर अशी चाळणी स्क्रिप्टमध्ये हवीच.

प्रश्न : कर्लने एरर 60 येते. ‘व्हेरिफाय पीअर’ला (सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासण्याच्या पर्यायाला) फॉल्स केलं की लगेच चालतं. मग तसंच ठेवलं तर काय बिघडलं? – एक वाचक, कराड

उत्तर : कुलूप उघडेना म्हणून दार काढून ठेवण्यातला प्रकार. तपासणी बंद केली की मजकूर कूटबद्धच राहतो, पण समोर खरा सर्व्हर आहे की मधला कुणी, हे स्क्रिप्ट विचारतच नाही. सोबत पासवर्ड किंवा टोकन जात असेल तर तोही त्या मधल्याच्या हातात. पीएचपीच्या स्ट्रीम फंक्शनांत (‘फाइल गेट कंटेंट्स’सारख्या, पत्त्यावरून थेट वाचणाऱ्या) 5.6 आवृत्तीपासून ही तपासणी आपोआप चालू असते, ती उगाच नाही.

60 हा आकडा एकट्याने फारसं सांगत नाही, त्यापुढचं वाक्य वाचा. ‘लोकल इश्युअर’ मिळत नाही असं असेल तर विश्वासू प्रमाणपत्र संस्थांची यादी कर्लला सापडत नाही. विंडोजवर हे नेहमीचंच, कारण तिथं फाइल गेट कंटेंट्स विंडोजची स्वतःची यादी वापरतं, कर्ल बहुधा वापरत नाही. कर्लच्या संकेतस्थळावरून ‘सीएसर्ट डॉट पेम’ उतरवा आणि आयएनआयमध्ये ‘कर्ल डॉट सीएइन्फो’समोर तिचा ड्राइव्हपासूनचा पूर्ण मार्ग द्या. उबंटूवर ‘सीए-सर्टिफिकेट्स’ पॅकेज अद्ययावत केलं की पुरतं.

हे करूनही तीच एरर येत असेल, तर दोष सर्व्हरचा असू शकतो. मधलं प्रमाणपत्र (सर्व्हरचं प्रमाणपत्र मूळ संस्थेशी जोडणारं) न पाठवणारे सर्व्हर कमी नाहीत. ब्राउझर ते स्वतः शोधून आणतो किंवा त्याच्याकडे आधीच असतं, म्हणून तिथं साइट बिनबोभाट उघडते. पीएचपीतलं कर्ल शोधायला जात नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला कळवा. तोवर ते मधलं प्रमाणपत्र आपल्या पेम फाइलच्या शेवटी जोडता येतं.

वाक्यात ‘अजून वैध नाही’ असेल तर घड्याळ बघा. जुन्या संगणकाची सीआर2032 बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. ‘मुदत संपली’ असेल आणि मशिन जुनं असेल, तर 30 सप्टेंबर 2021 आठवा : त्या दिवशी मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं डीएसटी रूट सीए एक्स3 हे मूळ प्रमाणपत्र संपलं आणि ओपनएसएसएल 1.0.2वर अडकलेली असंख्य यंत्रं अडखळली. नाव जुळत नाही अशी तक्रार असेल तर पत्त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून किंवा काढून पाहा.

प्रश्न : बेदाण्याच्या दरांची एक्सेल फाइल उतरते, पण उघडत नाही. आकार जेमतेम 4 केबी. – एक वाचक, तासगाव

उत्तर : ती नोटपॅडमध्ये उघडा. एचटीएमएल दिसेल. खरी एक्सएलएसएक्स म्हणजे झिप, तिची पहिली दोन अक्षरं ‘पी’ आणि ‘के’ असतात. सर्व्हरने दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं (पुनर्निर्देशन) की पीएचपी 20 वेळांपर्यंत गुपचूप तिकडे जातं, त्यामुळे लॉगिनचं पान फाइल म्हणून हाती येतं. जतन करण्याआधी ती दोन अक्षरं तपासा.

403 (प्रवेश नाकारला) आली तर यूजर एजंट, म्हणजे आपण कोण हे सर्व्हरला सांगणारं नाव, द्या. पीएचपी मुळात तो पाठवतच नाही, आणि काही सर्व्हर बिननावाच्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवतात. हा पर्याय कंटेक्स्टमध्ये (फंक्शनला सोबत द्यायच्या पर्यायांच्या यादीत) ‘एचटीटीपी’ या खणात लिहायचा, पत्ता एचटीटीपीएसचा असला तरी. ‘एचटीटीपीएस’ नावाचा खण केला तर पीएचपी तक्रार न करता तो दुर्लक्षित करतं, आणि यात लोकांची अख्खी दुपार जाते. प्रमाणपत्राचे पर्याय मात्र ‘एसएसएल’ खणात. थांबण्याची मुदत मुळात 60 सेकंद आहे, 15 करा. मोठी फाइल असेल तर कॉपी हे फंक्शन वापरा, कारण फाइल गेट कंटेंट्स सगळी फाइल मेमरीत ओढतं आणि मेमरीची मर्यादा बहुधा 128 एमबी असते. आधी तात्पुरत्या नावाने उतरवा, तपासा, मग नाव बदला. कालची चांगली फाइल अर्धवट फाइलखाली गाडली जात नाही.

प्रश्न : फाइलचं नाव मराठीत आहे, मध्ये मोकळी जागाही आहे. 404 (सापडत नाही) येते. – एक वाचक, वाई

उत्तर : नावावर रॉ यूआरएल एन्कोड चालवा, फक्त नावावर, पूर्ण पत्त्यावर चालवलं तर तिरप्या रेषाही बदलतात. साधं यूआरएल एन्कोड इथे चालत नाही, ते मोकळ्या जागेचं %20 न करता अधिकचिन्ह करतं.