दिवस मोजले, आता नोकरी सोडू का?

प्रश्न: पाळकसाहेब, जय ख्रिस्त. माझं वय ४६. मागच्या महिन्यात माझ्याच वयाचा मित्र झोपेतच गेला, आदल्या रात्री आम्ही फोनवर हसत होतो. तेव्हापासून चैन नाहीये. बायबलमधल्या स्तोत्र ९० मध्ये आयुष्य ७० वर्षांचं म्हटलंय ना, मी हिशोब केला, २५,५५० दिवस होतात, त्यातले १६,७९० संपले आणि मी केलं काय तर अकाउंट्सची नोकरी. (सख्ख्या भावाशी सहा वर्षं बोलणं नाही, घराच्या वाटणीवरून, पण तो वेगळा विषय.) सगळं सोडून पूर्णवेळ देवाच्या सेवेत जाऊ का? बायको म्हणते डोकं फिरलंय.

उत्तर: जय ख्रिस्त. मित्राचं वाचून वाईट वाटलं. हिशोब बरोबर आहे, लीप वर्षं धरली नाहीत तेवढंच, अकाउंट्सवाल्याकडून ही चूक अपेक्षित नव्हती! पण ते स्तोत्र तुम्ही १२व्या ओवीपाशी सोडलंत असं दिसतंय. आमचे दिवस मोजायला शिकव म्हणणारा तोच माणूस १७व्या ओवीत, म्हणजे अगदी शेवटी, काय मागतो बघा, आमच्या हातचं काम सिद्धीस ने, आणि हे तो दोनदा म्हणतो. दिवस थोडे आहेत म्हणून हातातलं काम फुकट असं त्याला वाटतच नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ९व्या अध्यायातली दुर्कस आठवा, ती गेल्यावर विधवा बायका रडत रडत येशूचा शिष्य पेत्र याला काय दाखवतात, तर तिने शिवलेले अंगरखे. सेवा सेवा म्हणतो ती हीच की. आणि प्रेषित पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता.

आता तुम्ही कंसात टाकलेल्या विषयाकडे येतो, कारण मला तर पत्रातला मुख्य विषय तोच वाटला. याकोबाच्या पत्रात (४:१४) आपण वाफेसारखे आहोत, दिसते न दिसते तोच नाहीशी होते, हे सगळ्यांना पाठ असतं, अंत्यविधीला मीही तेच वाचतो, पण तीनच ओव्या पुढे तो म्हणतो की चांगलं काय ते कळत असून जो करत नाही त्याचं ते पाप. म्हणजे आयुष्य छोटं आहे म्हणून काहीतरी मोठं करून दाखव असं तो सांगत नाहीये, जे कळलंय ते पुढे ढकलू नको असं सांगतोय. तुम्हाला कळलेलं आहे, नाहीतर मित्राच्या मरणाबद्दल लिहिताना भाऊ मध्येच आला नसता. वाटणीत चूक कोणाची ते मला माहीत नाही, कदाचित त्याचीच असेल, आणि फोन केला तर तो उचलेलच असंही नाही. तरी मत्तयाच्या शुभवर्तमानात, ५व्या अध्यायात, प्रभू येशू म्हणतो की अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, आणि तुम्ही तर अख्खी नोकरीच अर्पण करायला निघालात.

पूर्णवेळ सेवेचं पाचारण असूही शकतं, मी नाही म्हणत नाही, पण शोकाच्या दुसऱ्या महिन्यात राजीनामा देऊ नका आणि बायकोला सोबत घेऊन प्रार्थना करा, तिचं डोकं ठिकाणावर दिसतंय. भावाला या आठवड्यात फोन करा. राजीनाम्याचं त्यानंतर लिहा मला.