पोर्ट लुईत लेकीची पहिली ईद

प्रश्न : धाकट्या लेकीला मॉरिशसला नोकरी लागली आहे. आम्ही कोकणी मुसलमान. तिथे आपल्या धर्माची माणसं कितपत आहेत? नमाज-रोज्यांचं कसं? एकटी पोर परक्या बेटावर राहणार, जीव थाऱ्यावर नाही.
– एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, यजमानांच्या नोकरीपायी मी तिथे चार वर्षं काढली आहेत. नमाज-रोज्यांची काळजी सोडाच. शंभरातले सतरा-अठरा लोक मुसलमान आहेत आणि ईदला देशभर सुट्टी असते. राजधानी पोर्ट लुईच्या भर बाजारात कच्छी मेमन व्यापाऱ्यांनी १८५०च्या दशकात बांधलेली जुम्मा मशीद आहे.

पण बहुतेकांचे पूर्वज व्यापारी नव्हते. ते गिरमिटिये, म्हणजे करारावर उसाच्या मळ्यांत राबायला आणलेले. हे मजूर बोटीतून जिथे उतरायचे, त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर सोळा दगडी पायऱ्या आहेत. बिहारकडचे हिंदू-मुसलमान त्याच चढून गेले, आणि आपल्या कोकणातली माणसंही. तिथे उभी राहिले तेव्हा मला रडू आवरेना. लेकीला त्या पायऱ्या नक्की बघायला सांगा.

भाषेचं मात्र आधीच सांगून ठेवते. मी हौसेनं माझ्या मुसलमान शेजारणीशी उर्दूत बोलायला गेले, तर ती नुसती हसली. उर्दू त्यांची मुलं शाळेत शिकतात. घरात सगळे क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, बोलतात. ‘की मान्येर?’ म्हणजे कसं काय? एवढं आलं तरी दारं उघडतात.

एक गोष्ट मला खटकायची. संसदेच्या निवडणुकीत ६२ जण थेट निवडून येतात. वर ज्या समाजांचे प्रतिनिधी कमी पडले, त्यांच्यासाठी ८ पर्यंत जागा. त्यासाठी उमेदवारानं आपला समाज लिहून द्यायचा, आणि हिशेब १९७२च्या जनगणनेवरून, कारण पुढच्या जनगणनांत समाज विचारलेलाच नाही. माणसाला असं कप्प्यात घालू नये, असं मी शेजारणीला म्हटलं. ती म्हणाली, “त्या जागा नसत्या तर आमचं कोण ऐकणार होतं?” मला उत्तर सुचलं नाही. मुसलमान समाजातल्या अमीना गुरीब-फकीम २०१५मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. पंतप्रधानपदी मात्र मुसलमान अजून कुणी बसलेलं नाही.

ईदच्या दुपारी तिच्याकडून बिर्याणी यायची, अख्खे बटाटे घातलेली. आम्ही हिंदू, म्हणून आमच्यासाठी चिकनचं पातेलं ती वेगळं लावायची. गणपतीत मी मोदक पाठवायचे. चतुर्थीलाही तिथे सुट्टी असते.

लेकीचा नंबर संपादकांकडे कळवून ठेवा. रमजानच्या आत मी शेजारणीशी तिची गाठ घालून देते.