आईनं घरी मूल सांभाळलं, तर ते काम जीडीपीत मोजतात का?

नाही, मोजत नाहीत. जीडीपी, म्हणजे देशातलं एकूण उत्पादन, कसं मोजायचं याचे नियम सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत (२००८ ची आवृत्ती) घरच्यांसाठी बिनपगारी केलेला स्वयंपाक किंवा बालसंगोपन उत्पादनात धरत नाहीत. घरासाठी वाहून आणलेलं पाणी मात्र धरतात. तेच मूल पगारी बाईनं सांभाळलं की लगेच हिशेबात येतं, आणि हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. वेळेच्या वापराच्या पाहणीत, म्हणजे लोक दिवसभरात कशाला किती वेळ देतात ते नोंदवतात तिथं, हे काम दिसतं, पण तिथंही गळती होते: कडेवर मूल घेऊन गॅसपाशी उभ्या असलेल्या आईच्या तासापुढे नुसतं ‘स्वयंपाक’ लिहिलं, की मूल सांभाळणं नोंदीतून गेलंच. म्हणून असे आकडे वापरताना ‘त्याच वेळी आणखी काय करत होतात?’ हा प्रश्न विचारला होता का, ते आधी बघा.