दाराजवळची वही

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की पदरचे पैसे घालून अल्बम काढणाऱ्या बँडनी आपल्या अडचणी कळवाव्यात. खूप पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न फिरून एकच होता: गाणी चांगली झालीत, मग ती लोकांपर्यंत पोचत का नाहीत? मी २२ वर्षं लाइव्ह साउंड करते, म्हणजे शोमधला आवाज सांभाळते, त्याआधी ६ वर्षं एका बँडमध्ये बेस वाजवला. जे सांगते आहे ते तिथे शिकलेलं आहे.

ताई, आम्ही चौघं आहोत. नऊ गाण्यांचा अल्बम दोन वर्षं खपून घरीच रेकॉर्ड केला. गेल्या महिन्यात एका गाण्याचं रील ११ हजार जणांनी पाहिलं, म्हणून लगेच शो ठेवला. आली १७ माणसं, त्यातली ५ घरचीच. बाकीचे लोक गेले कुठे? आणि अल्बम आता एकदम टाकून मोकळं व्हावं का?
– गिटारवादक, वय २४

अरे, ते ११ हजार लोक तुमच्याकडे आलेच नव्हते. त्यांच्या बोटाखाली तुमचं गाणं आलं आणि पुढे सरकलं. घर सोडून, तिकीट काढून, रात्रीचा वेळ मोडून आले ते १७. घरचे वगळले तर १२. आता मला सांग, या १२ जणांपैकी किती जणांची नावं तुम्हाला माहीत आहेत? तुझ्या पत्रात रीलवर दीड पान आहे आणि या १२ जणांवर एक ओळही नाही. माझ्या मते घोडं इथेच अडलंय.

आमच्या बँडचं सांगते. आम्ही ३०० सीडी छापायला दिल्या होत्या आणि अल्बमच्या नावाने शो जाहीर केला होता. शोच्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोकी आलीच नाहीत. ऐंशीएक माणसं आली होती, वाजवून झाल्यावर पंधरा-वीस जण पैसे हातात घेऊन उभे. ‘परवा येतील’ एवढंच आम्ही म्हणू शकलो. परवा खोकी आली, पण कळवायचं कुणाला? एकाचाही नंबर आमच्याकडे नव्हता. ती खोकी माझ्या खाटेखाली दीड वर्ष होती.

पुढच्या शोला ड्रमरच्या मोठ्या बहिणीने शंभर पानी रेघांची वही आणली. दाराजवळ छोटं टेबल मांडलं. पेन बांधायला दोरी मिळेना, तेव्हा गिटारची तुटलेली तार वापरली. तीन रकाने आखले: नाव, नंबर, आणि तिसरा, ‘कुठलं गाणं आवडलं?’ हा तिसरा रकाना तिच्या डोक्यातून आला होता आणि तोच सगळ्यात मोलाचा ठरला. कुणी गाण्याचं नाव न आठवून ‘ते हळू सुरू होणारं’ असं लिहायचं, कुणी अर्धी ओळच उतरवून ठेवायचं. दीड वर्षात वहीत २१४ नावं झाली. शोच्या आधी आम्ही एकेकाला वेगळा निरोप धाडायचो: ‘तुम्हाला आवडलेलं गाणं या वेळी शेवटी वाजवणार आहोत.’ असा निरोप आला की माणूस येतो, आणि एकटा येत नाही. खाटेखालची खोकी संपली ती या वहीमुळे.

तेव्हा पहिलं काम हे: त्या १२ जणांना शोधून काढा. तिकिटं फोनवरून काढली असतील तर नंबर सापडतील. पुढच्या शोपासून वही ठेवा आणि तिथे एक माणूस बसवा. नुसती ठेवलेली वही कोरीच राहते. ज्यांचे नंबर घ्याल त्यांना शो आणि नवं गाणं एवढंच कळवा, सकाळच्या शुभेच्छा पाठवू नका.

आता अल्बम. एकदम टाकू नका. स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या अ‍ॅपवर बँडला स्वतः थेट गाणं चढवता येत नाही, मध्ये वितरक, म्हणजे गाणी तिथे पोचवणारी कंपनी लागते, हे तुम्हाला माहीत असेलच. स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या खात्यातून प्लेलिस्ट निवडणाऱ्यांना गाणं सुचवता येतं, पण ते प्रसिद्ध व्हायच्या आधी, आणि एका वेळी एकच. निदान ७ दिवस आधी सुचवलं, तर तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या नव्या गाण्यांच्या यादीत ते येतं. मी म्हणेन ७ दिवसांवर विसंबू नका, चार आठवडे हाताशी ठेवा. नऊ गाणी एका दिवशी टाकलीत तर सुचवण्याची संधी एकच. आधी तीन गाणी पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने एकेक काढलीत आणि मग अल्बम आणलात, तर संधी चार होतात आणि प्रत्येक वेळी वहीतल्या लोकांना कळवायला काहीतरी नवं असतं. वार शुक्रवार ठेवा. १० जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी काढायचा प्रघात आहे आणि नव्या गाण्यांच्या याद्याही त्याच दिवशी बदलतात.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो. आधी काढलेलं गाणं अल्बममध्ये घेताना तोच क्रमांक द्या, म्हणजे ते आधी किती वेळा ऐकलं गेलं ते आकडे सोबत येतात. चुकून नवा क्रमांक पडला तर ते गाणं शून्यापासून सुरू होऊ शकतं. २०२४ पासून स्पॉटिफायवर आधीच्या १२ महिन्यांत १००० वेळा तरी न ऐकलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत, त्यामुळे छोट्या बँडला हे परवडणारं नाही. बँडचं नाव कोणत्या लिपीत, कोणत्या स्पेलिंगने, हेही एकदाच ठरवा आणि चौघांनी तेच पाळा.

इंग्लंडमधल्या आर्क्टिक मंकीज या बँडने सुरुवातीला स्वतःच्या डेमो सीडी शोमध्ये फुकट वाटल्या होत्या. ऐकणाऱ्यांनी त्या एकमेकांना दिल्या, इंटरनेटवर टाकल्या. जानेवारी २००६ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, तो पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये ३ लाख ६० हजारांहून जास्त खपला. प्रत्येकाचं असं होईल असं मी म्हणत नाही. पण सुरुवात खोलीत उभ्या असलेल्या माणसांपासून झाली होती, एवढं लक्षात घे.

ताई, एक आयोजक म्हणतात, शो देतो, पण ५० तिकिटं तुम्ही विकायची. कमी पडली तर तेवढे पैसे आम्ही भरायचे. घ्यावा का?
– ड्रमर, वय २१

नको. वाजवणाऱ्यानेच पैसे भरायचे ही पद्धत मला पहिल्यापासून पटलेली नाही. यात आयोजकाची जोखीम शून्य होते, आणि ज्याला जोखीम नाही तो जाहिरातीसाठी हातपाय हलवत नाही.

त्यापेक्षा आपल्यासारखे आणखी दोन बँड गाठा आणि तिघं मिळून शो लावा. ड्रम आणि बेसचा अँप (आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका) एकच ठेवा, म्हणजे मधला वेळ वाचतो. पण झांजा, स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) आणि ड्रमचं पायाचं पेडल ज्याने त्याने आपापले आणावेत. दारावरच्या पैशांची वाटणी आधी ठरवा आणि निरोपात लिहून ठेवा. मैत्री असली तरी लिहा, मैत्री असली तर जास्तच लिहा. आणि आपलं वाजवून झालं की सामान गाडीत टाकून निघून जाऊ नका. शेवटच्या बँडच्या शेवटच्या गाण्यापर्यंत पुढे उभे राहा. मी कित्येक शोमध्ये पाहिलंय, पहिला बँड गेला की त्याचे तीसजणही मागोमाग जातात आणि शेवटचे रिकाम्या खोलीत वाजवतात. पुढच्या वेळी त्यांनी तुम्हाला का बोलवावं?

शो झाला की सगळे म्हणतात, ‘आवाज भारी होता, पण शब्द कळले नाहीत.’ शब्द मी लिहिते, फार जीव लावून लिहिते. साउंडवाल्यांना सांगून थकले. काय करू?
– गायिका, वय २७

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ज्याला शब्द कळले नाहीत तो घरी जाऊन कुठलं गाणं शोधणार? तुमची सगळी जाहिरात इथेच वाया जाते आहे.

छोट्या खोलीत सगळ्यात मोठा आवाज ड्रमचा असतो आणि तो कुठल्याही बटणाने कमी होत नाही. म्हणून माप ड्रमपासून सुरू होतं: ड्रमरने हात हलका ठेवायचा, बाकीच्यांनी आपला आवाज त्याच्याखाली ठेवायचा. मग गिटारचा अँप. तो जमिनीवर असतो आणि वाजवणारा त्याच्यासमोर दोन पावलांवर. सगळा आवाज त्याच्या गुडघ्यांवर आदळतो, कानाला कमी लागतो, म्हणून तो वाढवत जातो आणि पहिल्या रांगेतल्यांचे कान फुटायची वेळ येते. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करून त्याचं तोंड वाजवणाऱ्याच्या कानाकडे करा. आपण होऊन कमी करेल. ही एवढीशी गोष्ट मी शेकडो वेळा केली आहे आणि दर वेळी गाणाऱ्याचा चेहरा खुलतो.

तू माइक कसा धरतेस तेही बघ. जाळीभोवती मूठ आवळून धरला तर माइक मागचे-बाजूचे आवाजही ओढू लागतो आणि शिट्टी सुरू होते. मग साउंडवाला तुझाच आवाज खाली आणतो, त्याला दुसरा इलाजच उरत नाही. दांडा धर, जाळी मोकळी सोड, तोंडाजवळ ठेव. साउंडचेक रिकाम्या खोलीत होतो, तेव्हा सगळं घुमतं. माणसं भरली की त्यांचे कपडे, अंगं वरचे स्वर शोषून घेतात आणि आवाज कोरडा होतो. म्हणून पहिलं गाणं असं ठेव, ज्यात तुझा आवाज सुटा आहे. साउंड करणाऱ्याला तेवढ्यात अंदाज येतो.

आणि बँडचं नाव दोनदा सांग, एकदा मध्ये, एकदा शेवटी. नव्या गाण्याचं नाव ते वाजवायच्या आधी सांग. लोक विचारायला संकोचतात.

हल्ली सीडी कोण घेतं? छापाव्यात का?
– बेसवादक, वय ३०

थोड्या छापा, पन्नासएक. शो आवडलेल्या माणसाला हातात काहीतरी घेऊन जायचं असतं, घरी सीडी प्लेअर नसला तरी. विनाइलचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तबकडीचा मोह होईल, पण एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटंच नीट बसतात, खर्च मोठा आणि वाट बघणं लांब. पहिल्याच अल्बमला नको. सोबत बँडकॅम्प या बँडची गाणी आणि वस्तू विकणाऱ्या वेबसाइटवर पान उघडा. तिथे डिजिटल विक्रीतले १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतले १० टक्के ते ठेवतात, शिवाय पैसे पाठवण्याचा खर्च. पण उरलेलं तुमचं, आणि घेणाऱ्याने हरकत घेतली नाही तर त्याचा ईमेलही तुमच्याकडे येतो. म्हणजे तीही एक वहीच.

आणि प्रत्येक शो रेकॉर्ड करून ठेवा, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून साधे दोन ट्रॅक घेतलेत तरी चालतील. अमेरिकेतल्या फुगाझी बँडने आपले शेकडो शो असे जपून ठेवले आणि २०११ पासून ते लोकांना ऐकायला खुले केले.

माझा मुलगा बँडमध्ये वाजवतो. मी प्रत्येक शोला जाते, मागे उभी राहते. आवाजाने कान दुखतात, पण निघवत नाही. माझ्यामुळे त्याला अवघडल्यासारखं होत असेल का? माझा काही उपयोग होईल का?
– एक आई

ताई, आधी कान. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मर्यादा सांगितली आहे, १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये. लहान खोलीत ती सहज ओलांडली जाते. संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, त्यात स्वर बदलत नाहीत, फक्त आवाज उतरतो. स्वतःसाठी घ्या आणि मुलालाही एक जोडी द्या, माझं नाव सांगून. माझ्या डाव्या कानात गेली ९ वर्षं बारीक शिट्टी वाजते आहे, ती थांबत नाही.

अवघडल्यासारखं होतं का, हे त्यालाच विचारा. पण उपयोगाचं म्हणाल, तर दाराजवळच्या टेबलामागे बसायला प्रत्येक बँडला माणूस हवा असतो आणि कुणालाच तो मिळत नाही. वही तुम्ही घ्या. येणाऱ्याला ‘या’ म्हणा, जाणाऱ्याला ‘कुठलं गाणं आवडलं?’ विचारा. तिथे आवाजही कमी लागतो. पेन मात्र दोन ठेवा, एक हमखास कुणीतरी खिशात घालून नेतं.