‘ऋण प्रसरण’ की ‘आकुंचन’?

जळगावहून एका वाचकाने विचारलं आहे : तापवल्यावर मापाने कमी होणाऱ्या जोडरचनांबद्दल (वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या जोडून केलेल्या रचनांबद्दल) मराठीत लिहिताना ‘निगेटिव्ह थर्मल एक्स्पान्शन’ला सरळ ‘आकुंचन’ का म्हणू नये? ‘ऋण प्रसरण’ कानाला खटकतं.

खटकतं खरं, तरी तोच शब्द ठेवावा. आकुंचन ही घटना आहे, आणि बहुतेक वेळा ती गार होताना घडते. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना आपल्या खानदेशात ती अनेकांनी पाहिली असेल. चार मीटर घेराची लोखंडी धाव ५०० अंशांनी तापली की घेर सुमारे २४ मिलिमीटर वाढतो. चाकावर बसवून पाणी ओतलं की ती लाकडाला आवळते. हे आकुंचनच, पण लोखंडाचा प्रसरणांक (तापमान एका अंशाने वाढल्यावर माप किती प्रमाणात बदलतं तो आकडा) धन आहे, म्हणजे तापल्यावर ते वाढतं. ‘ऋण’ म्हणजे तापमान वाढत असताना माप घटणं. ‘आकुंचन’मध्ये तापमानाची ही दिशा येत नाही.

जोडरचनेत तर घोटाळा आणखी वाढतो. पोलादाच्या १०० मिलिमीटरच्या दोन पट्ट्या आणि पायाला १६० मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, तिन्ही कोपरे पिनांनी जोडा. त्रिकोणाची उंची ६० मिलिमीटर येते. १०० अंशांनी तापवल्यावर पोलाद ०.१२ मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम ०.३७. पाया फाकतो आणि शेंडा सुमारे ०.०५ मिलिमीटर खाली येतो. इथे आकुंचन कोणाचं झालं? एकाही धातूचं नाही. म्हणून ‘आकुंचन पावणारा पदार्थ’ हे चूक. ‘उभ्या दिशेत ऋण प्रसरण असलेली रचना’ हे बरोबर. दिशा सांगायलाच हवी, कारण आडवी ती वाढलेलीच असते.

पाठ्यपुस्तकातलं ‘असंगत’ हे विशेषण शून्य ते चार अंशांमध्ये तापताना आक्रसणाऱ्या पाण्यासाठी राखावं. हिशेबाने घडवलेल्या रचनेला ते लावू नये.

क्रियापद हवं असेल तर ‘तापल्यावर आक्रसते’ म्हणा, ‘तापल्यावर’ न गाळता. ‘आटते’ नको, त्याने दूध डोळ्यांपुढे येतं.

शिवाय याच त्रिकोणाचा पाया १४४ मिलिमीटर केला तर उंची जवळपास बदलतच नाही. त्याला ‘शून्य प्रसरण’ म्हणता येतं. ‘शून्य आकुंचन’ म्हटलं तर काहीच कळत नाही.