'पुन्हा'मधला 'पु' लघु की गुरू?

प्रश्न : 'पुन्हा मेघ आले किनाऱ्यास भेटू' ही माझी ओळ भुजंगप्रयात वृत्तात आहे असं वाटतं, पण मात्रा २०ऐवजी २१ भरतात. शिवाय दुसऱ्या कवितेत ओळींचे शेवट 'सर येना', 'घर येना', 'वाट येना' असे आहेत. हे यमक झालं का?
– एक वाचक, दादर

उत्तर : ओळ निर्दोष आहे, चूक मोजणीत आहे. जोडाक्षराआधीचा ऱ्हस्व, म्हणजे एरवी एका मात्रेचा लघु, दोन मात्रांचा गुरू होतो तो त्यावर आघात आला तरच. 'पुण्य' म्हणताना जीभ 'पु'वर दाबते, म्हणून तो गुरू. 'पुन्हा', 'तुम्ही', 'तुझ्या' यांत असा दाब पडत नाही, 'पु' आणि 'तु' लघुच राहतात. कागदावर नव्हे, मोठ्याने म्हणून तपासा. आता तीन-तीन अक्षरांचे गण पाडा : पुन्हामे, घआले, किनाऱ्या, सभेटू. चारही वेळा लघु-गुरू-गुरू, म्हणजे चार य गण. अक्षरं १२, मात्रा २०. मात्रांची नुसती बेरीज जुळून भागत नाही. अक्षरगणवृत्तात प्रत्येक लघु-गुरूची जागा ठरलेली असते, त्यामुळे २० मात्रा भरूनही ओळ अडखळू शकते.

यमकाचं म्हणाल तर 'येना' झाकून उरलेलं वाचा. 'सर-घर' जुळतात, 'वाट' जुळत नाही. गझलेच्या परिभाषेत 'येना' हा रदीफ, म्हणजे शेवटी तसाच परत येणारा शब्द, आणि 'सर-घर' हे काफिये, म्हणजे त्याआधीचे यमक जुळणारे शब्द. तिसऱ्या ओळीत काफियाच निसटला आहे. तिथे 'भर', 'वर', 'थर' असं काही हवं. ध्रुवपदासारखी संपूर्ण ओळ परत येते, ती पुनरावृत्ती वेगळी. तिला यमकाच्या हिशेबात धरू नका.