नातू स्मारकावर यायला तयार नाही

“आदरणीय ताई, माझे सासरे १९७१ च्या बांगलादेश युद्धात मराठा पलटणीबरोबर जमालपूरच्या लढाईत होते. दर २६ जानेवारीला ते पदके लावून गावच्या स्मारकावर जातात. यंदा अकरावीतल्या माझ्या मुलाने बरोबर येण्यास नकार दिला. ‘ते पुढाऱ्यांचे कार्यक्रम आहेत, आणि पहिल्या महायुद्धाच्या त्या दगडावरची माणसे इंग्रजांसाठी मेली,’ असे तो आबांच्या तोंडावर म्हणाला. तेव्हापासून आबा त्याच्याशी बोलत नाहीत. मी कोणाची समजूत घालू? – एक आई, कोरेगाव तालुका”

प्रिय भगिनी,

मुलाचे पहिले म्हणणे मला पुष्कळसे पटते. वीरपत्नीला मागच्या रांगेत बसवून पाऊण तास भाषणे ऐकवणारे समारंभ मीही पाहिले आहेत. मात्र समारंभाचा राग त्याने आबांवर काढला, आणि तेवढ्यापुरती त्याने त्यांची माफी मागायला हवी.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे, म्हणून तो टाळू नका. ती माणसे परक्या राजवटीच्या सैन्यात होती हे खरेच आहे. माण-खटावसारख्या दुष्काळी भागात पाऊस दगा देई तेव्हा पलटणीचा पगार घर तगवत असे, आणि बहुतेकांच्या भरतीमागे हे साधे कारण होते. सातारा तालुक्यातील अपशिंगे या एकाच गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाला आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. साम्राज्य चुकीचे होते म्हणून त्यात मेलेल्या मुलाचे आईबाप कमी रडले असतील का, एवढाच प्रश्न मुलाला विचारा आणि उत्तराची घाई करू नका.

आपल्याकडे मृत योद्ध्याचे स्मरण इंग्रजांच्या संगमरवरी पाट्यांनी सुरू झालेले नाही. देवळाच्या आवारात शेंदूर फासलेला, खाली लढाई, मध्ये अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा कोरलेला वीरगळ त्याने नक्की पाहिला असेल. त्यावरचा वीर कोणत्या राजासाठी लढला हे सहसा कोणालाच ठाऊक नसते, आणि बहुतेक वीरगळांवर नावही नसते. तरीही तेल वाहणारे हात थांबलेले नाहीत.

नाव नसणे, हेच मला सर्वांत अधिक सलते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणींनी कुट या गावच्या वेढ्यात हाल सोसले. तिथल्या मोहिमेत मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४०,००० हून अधिक जणांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या दिली. याउलट दिल्लीत २०१९ साली खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या त्यागचक्रात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या प्रत्येक जवानाचे नाव स्वतंत्र विटेवर आहे, आणि त्यांत १९७१ चे आबांचे सोबतीही आहेत. तुमच्या मुलाला इंग्रजांचा राग आहे ना? मग ज्यांना त्या राजवटीने आकड्यात गुंडाळले, त्यांच्यावरच तो राग काढणे त्याला शोभते का?

म्हणून त्याला उपदेश न करता काम द्या. गावातल्या त्या दगडावर बहुधा ‘इतके गेले, इतके मेले’ असाच मजकूर असेल, कारण सरकारने गावोगावी लावलेल्या पाट्या बहुतेक तशाच आहेत. ही माणसे कोण होती, ते त्याने शोधावे. युद्धांत मेलेल्यांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची यादी विनामूल्य पाहता येते, आणि पुष्कळ नोंदींत वडिलांचे व गावाचे नावही असते. इंग्रज कारकुनाने वेडेवाकडे लिहिलेले आडनाव कोणत्या भावकीचे, हे मात्र आबांशिवाय कोणाला ओळखता येणार नाही. या निमित्ताने दोघांना एका खोलीत बसावेच लागेल.

आबांनाही एक सांगा, पण एकांतात. त्यांनी नातवाला पदके दाखवली असतील. जमालपूरहून जे परतले नाहीत त्यांच्याविषयी ते कधी बोलले आहेत का? लढलेली माणसे सहसा बोलत नाहीत. विचारले तर कदाचित एखाद्याचे नाव सांगतील, कदाचित उठून अंगणात जातील. उठून गेले तर मुलाला त्यांच्यामागे पाठवू नका, थोडा वेळ जाऊ द्या.

पुढच्या २६ जानेवारीला मुलगा मांडवात बसला नाही तरी चालेल. सकाळी आबांचा हात धरून त्यांना स्मारकापर्यंत पोचवण्याचे काम मात्र त्याच्याकडेच द्या.

तुमची,
ताई